डेपोचं ग्रीस

ब्रेकचं पॅड हातात आलं तेव्हा त्याच्यावर लायनिंग म्हणून जे काही उरलं होतं ते नखाएवढंही जाड नव्हतं. एका कडेला तर तेही संपून लोखंड लोखंडावर घासलेलं, आणि घासल्या जागी एक निळसर चट्टा उठलेला — भाजून बरी झालेली कातडी दिसते तसा. त्याने ते वर्तमानपत्रावर ठेवलं, शेजारी त्याच चाकातलं दुसरं. दुसरं चांगलं गुबगुबीत होतं. एका आईची दोन लेकरं, एकाची हाडं निघालेली आणि दुसऱ्याला अजून भूकही न लागलेली... असं दिसलं की समजायचं, पिस्टन अडकलाय. ब्रेक दाबला की तो पुढे येतो, पॅडला डिस्कवर टेकवतो, पाय काढला की केसभर मागे सरकतो. हा मागे सरकतच नव्हता, महिनोन्‌महिने त्या एकाच पॅडला रगडत बसला होता, आणि आपण त्याच गाडीतून बाजारहाट करत होतो, गाडी डावीकडे ओढते म्हणून एकमेकांची थट्टा करत होतो.

मागे खुर्ची करकरली. त्याने मान वळवली नाही. सासरा काय करतोय ते त्याला आवाजावरूनच कळे: आधी घशात खोल काहीतरी हलवल्याचा आवाज, मग ते तोंडात आल्याचा, मग क्षणभर विचार केल्यासारखी शांतता, आणि मग ते परत गिळल्याचा. थुंकला असता तर परवडलं असतं.

"काय म्हणतंय पॅड, जावईबापू?"

"संपलंय, मामा."

"संपणारच. आमची कन्या ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवते. आईवर गेलीय."

त्याने बोटं चिंधीला पुसली. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त, लघवी, थुंकी आणि त्याहून वाईट गोष्टी हाताळायचं काम त्याचं. लॅबमध्ये रुजू झाल्यापासून एकदाही त्याच्या पोटात ढवळलं नव्हतं. लोक विचारत, तुला किळस नाही येत? तो हसून म्हणे, नाही. आणि ते खरं होतं. तिथे सगळ्याला झाकण असतं, झाकणावर नाव असतं, आणि मुख्य म्हणजे त्या नावाबरोबर जेवायला बसावं लागत नाही. इथे झाकण नव्हतं. इथे ओट्यावर चमच्यांच्या शेजारी कवळी होती, चहात बुडवलेल्या पावाचा लगदा हनुवटीवर होता, बोटं एकेक करून चोखणं होतं — करंगळीपासून सुरुवात, अंगठा शेवटी, दर जेवणाला — आणि सगळ्यावर तो वास. ग्रीसचा. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हा माणूस बस डेपोतून ग्रीसचा डबा घेऊन आला. डबा त्याच्या खाटेखाली असे. दाराची बिजागरी कुरकुरली, लाव ग्रीस. शिवणयंत्र अडलं, लाव ग्रीस. थंडीत टाचांना भेगा पडल्या तर त्यातही तेच, वरून मोजे, आणि मग ते पाय सोफ्यावर. बायकोला तो वास येतच नसे. किंवा येत असेल, आणि तिला तो वडिलांचा वास वाटत असेल... मला तो उशीतसुद्धा येतो. माझ्या, स्वतःच्या उशीत.

आणि उद्यापासून घरात मी आणि तो डबा.

कारण ती जाणार होती. घाटापलीकडच्या गावात शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. आठवडाभर तिथे राहायचं, सुट्टीला घरी यायचं. पत्र आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोनदा हसली होती, एकटीच, आणि त्याने ते दारातून पाहिलं होतं आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "आणि मामांचं कोण करणार?" मामांचं! जणू त्याला मामांचीच काळजी. ती म्हणाली, बाबा स्वतःचं करतात आणि तू आहेसच की. मग तो म्हणाला, घाटात धुकं असतं. मग म्हणाला, टायर गुळगुळीत झालेत. टायर बदलले गेले. मग त्याने शेवटचं काढलं — ब्रेकचा भरवसा नाही, ही गाडी त्या घाटात टिकायची नाही — आणि ती त्याच्याकडे न बघता कपड्यांची घडी घालत म्हणाली, "मग नीट कर." म्हणून हा सुट्टीचा दिवस, हा जॅक, ही नवी पॅडं, आणि गुडघ्याखाली टोचणारी खडी. आपल्या मनाचा मोठेपणा सिद्ध करायला माणूस किती वेळ उकिडवा बसू शकतो!

उजव्या चाकाचं काम सकाळीच झालं होतं. तिथला पिस्टन क्लॅम्पचे चार आटे फिरवताच निमूटपणे आत गेला होता, नव्या जाड पॅडना जागा झाली होती. डावा हलेना. त्याने जुनं पॅड पिस्टनवर आडवं धरलं, त्यावर क्लॅम्प चढवला, दांडा फिरवला. दांडा घट्ट झाला. गंज सोडवायचा स्प्रे मारला, थांबला, पुन्हा फिरवला. कडेने तपकिरी पाणी गळालं, नाकातून गळावं तसं.

"ब्रेक दाबून बाहेर काढ थोडा, मग आत दाब," मागून आलं. "पुढे-मागे, पुढे-मागे. लाडीगोडीने घ्यायचं त्याला."

तेही करून पाहिलं. बाहेर आला, आत जाईना. मग त्याने दांड्यात पाइप घातला आणि अंगाचा भार टाकला — आणि टाकताना, हे त्याला त्या क्षणीही ठाऊक होतं, त्याच्या डोक्यात ब्रेक नव्हता. डोक्यात ते दोनदा हसणं होतं. कट्‌ असा आवाज झाला. पिस्टन आत गेला, जरा तिरका, आणि तिथेच रुतला.

किती जोर लावला मी? लागेल तेवढा. की... जरा जास्तच.

पिस्टनभोवतीची रबरी झालर एका बाजूने फाटली होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्याने ती उचलली आणि तिच्याखालून काळं, चिकट, दाट असं काहीतरी लोंबलं. त्याने ते बोटावर घेतलं. वास घ्यायचीही गरज नव्हती, पण घेतला... आणि सकाळपासून घशाशी घुटमळणारं सगळं एकदम वर आलं. खाटेखालचा डबा. टाचा. सोफा. उशी. आता इथेही, लोखंडाच्या आत, जिथे कुणाचं शरीर पोचायचं काही कारण नाही तिथेसुद्धा हा माणूस आधी येऊन बसलेला होता.

मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी तो कामावर असताना सासऱ्याने 'ब्रेक सर्व्हिसिंग' उरकलं होतं. संध्याकाळी केवढी ऐट! "बघा, मलईसारखा झालाय ब्रेक. उभ्या जन्मात माझ्या हातची एक गाडी परत आली नाही." बसच्या ब्रेकमध्ये ते ग्रीस वंगण म्हणून चालत असेल, तिथली लोखंडं दांडगी, पण या छोट्या गाडीच्या पिस्टनभोवती आत एक रबराचं कडं असतं, त्याला ते विष. कडं फुगतं. फुगलं की पिस्टनचा गळा धरतं, आणि मग गंज आपलं काम करतो. त्याने टॉर्च मारून पाहिलं. कडं सुजलेलं, मऊ — फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखं.

तो उठला, वळला, आणि ते काळं बोट सासऱ्यासमोर धरलं.

"मामा, इथे ग्रीस कुणी लावलं?"

म्हाताऱ्याने बोटाकडे पाहिलं. मग त्याचं मनगट पकडलं — ते ओलसर, सैल कातडीचं पकडणं! — आणि बोट आपल्या नाकाशी नेलं. नाकातले पांढरे केस बोटाला लागले. बराच वेळ तो हुंगत राहिला. एवढा वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कंपनीचंच असेल," तो म्हणाला. "नव्या गाडीत भरतात."

"आतलं रबर फुगलंय. हा पिस्टन मागे येणार नाही. पिस्टनसकट अख्खा कॅलिपरच बदलावा लागेल, आणि आज दुकानं बंद आहेत."

"काही होत नाही. बसव तू. दोनदा दाबला की मोकळा होतो."

म्हाताऱ्याने मनगट सोडलं आणि ते बोट जिथे लागलं होतं तिथलं नाक बाहीने पुसलं. त्याला कळलं होतं. हुंगल्याबरोबर कळलं होतं, आणि आता तो कुंपणाकडे बघत होता, जसं काही कुंपणावर महत्त्वाचं लिहिलेलं आहे.

आतून ती आली, दोन्ही हातांवर इस्त्रीच्या साड्या, हनुवटीने वरची थोपवून धरलेली. डिकी उघडली, साड्या बॅगेत ठेवल्या, बॅगेची चेन ओढली. पाठमोरीच म्हणाली, "झालं?"

आता बोलायचं होतं आणि जे बोलायचं ते अक्षरशः खरं होतं. पण लांडगा आला रे आला म्हणून महिनाभर ओरडणारा मीच. आता लांडगा दारात उभा, त्याचे दात मला दिसतायत, आणि ओरडायला तोंड उघडावं तर तेच, माझंच. तोंडातल्या त्या खऱ्या वाक्याला आधीच शिळा वास लागलेला होता.

"पिस्टन अडकलाय," तो म्हणाला. "ही गाडी घाटात न्यायची नाही."

"अच्छा."

एवढंच. मग डिकी लावून ती वळली. "आधी धुकं होतं. मग टायर. आता पिस्टन का?"

"तू स्वतः बघ. मी चाक बसवतो, तू ब्रेक दाब."

त्याने सगळं जोडलं. नवी पॅडं कशीबशी आत गेली, चाक चढलं, नट आवळले. गाडी अजून जॅकवरच. ती चालकाच्या जागेवर बसली आणि त्याने हाताने चाक फिरवून पाहिलं, घासत का होईना, फिरलं. "दाब." चाक थांबलं. "अजून दाब. आता पाय काढ."

चाक हलेना.

"पाय काढ ना."

"कधीचा काढलाय."

त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय रोवले. वीतभर सरकलं, आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि परत थांबलं. आणि तेव्हा, चाकाला मिठी मारल्यासारखा वाकलेला असताना, त्याच्या छातीतून काहीतरी सुरेख, गार, सुखाचं खाली उतरलं. नाही जात ती. नाही जात! तोंड चाकाच्या मागे होतं म्हणून बरं. ते तोंड तेव्हा कसं दिसत असेल याची त्याला कल्पना आली आणि त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की त्याने डोळे मिटले. लहान मूल आजारी पडलं म्हणून आपली परीक्षा टळल्यावर खूश होणाऱ्या बापासारखं काहीतरी... नाही, त्याहून हलकं. त्याहून घाण.

ती खाली उतरली. पदर खोचला, वाकली, स्वतः चाकाला हात घातला. ती मेकॅनिकची मुलगी होती. तिला चाक कसं धरायचं ते सांगावं लागत नव्हतं. ढकललं, थांबली, पुन्हा ढकललं.

"घासतंय," ती म्हणाली, त्याला नव्हे. "बाबा, तुम्ही सांगा. खरं काय ते."

सासरा खुर्चीवरून उठला. यायला त्याला वेळ लागला. त्याने पंजा टायरवर ठेवला, न फिरवताच.

"नवी पॅडं घासतात. थोडी चालली की बसतात जागेवर. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतर, ब्रेक फार लागणार नाही."

लेकीला! पोटच्या लेकीला तो हे सांगत होता. त्या उतारावर, वळणामागून वळण, चिकटलेला ब्रेक तापत जाणार, धूर येणार, ऑइल आत उकळणार आणि ऐन वेळी तिचा पाय पॅडलसकट खाली जाणार, रिकामा — हे उभा जन्म ब्रेक उघडण्यात घालवलेल्या माणसाला ठाऊक नसेल? त्याने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओठ सारखे ओले करत होता तो; जीभ बाहेर येई, आत जाई; आणि डोळे लेकीवर नव्हते, जावयावर होते. ते विनवत होते. मोठ्या माणसाने असं बघू नये. कवळी काढलेलं तोंड चुकून दिसावं तसं ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर न पाहिल्यासारखं करता येईना. सांगू नको, ते डोळे म्हणत होते. काहीही कर, हिच्यासमोर सांगू नको.

सांगणं किती सोपं होतं! बोट अजून काळंच होतं. खाटेखालचा डबा आणायचा, उघडायचा, दोन्ही तिच्या नाकाशी धरायचं. आणि मग — त्याचं डोकं भराभर चाललं, नको तितकं भराभर — मग तिला कळणार की बाबांना आता कळत नाही. हात पूर्वीचे राहिले नाहीत, वर खोटंही बोलतात. अशा बापाला टाकून ती जाणार नाही. कुठेच जाणार नाही, बसनेसुद्धा. शाळेला पत्र लिहील, जमत नाही म्हणून. इथेच राहील, त्याची कवळी धुईल, टाचा बघेल. आणि मला काहीही करावं लागणार नाही. मी फक्त खरं बोलायचं. जे मला हवं होतं ते सगळं एका खऱ्या वाक्यात होतं, ताटात वाढल्यासारखं, आणि त्या ताटाकडे बघून त्याला जे वाटलं त्यापुढे ती बोटं चोखणं, तो गिळल्याचा आवाज, सगळं काहीच नव्हतं.

"मी बिघडवलाय," तो म्हणाला.

ती वळली.

"पिस्टन. आत जात नव्हता म्हणून पाइप लावून दाबला. तिरका गेला. आता तो सुटणार नाही. मामांना माहीत नाही, ते मागे बसले होते." आणि मग, कारण ती अजून बघत होती, "जास्त जोर लागला माझा."

शेवटचं वाक्य तरी खोटं नव्हतं. किंवा खोटं कुठलं, खरं कुठलं, हे त्या कट्‌ आवाजाबरोबरच एकमेकांत मिसळून गेलं होतं आणि आता निवडायला बसावं तर हाताला दोन्ही सारखीच लागत होती.

ती ओरडली नाही. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, निदान रडेल. ती नुसती बघत राहिली आणि ते बघणं त्याच्या ओळखीचं होतं. नाक किंचित आखडलेलं, ओठ मिटलेले, अंग जरासं मागे... दर जेवणाला टेबलाच्या पलीकडे हेच तर त्याचं स्वतःचं तोंड असे.

"जास्त जोर लागला," ती म्हणाली. "बरोबर."

"अगं, ऐक —"

"नको. मला वाटलंच होतं असं काहीतरी करशील. टायर फोडशील म्हणून भीती होती. हे जास्त हुशारीचं झालं."

"तरी मी म्हणत होतो!" सासऱ्याचा आवाज एकदम भरला, खणखणीत झाला, दहा वर्षांनी तरुण झाला. "लाडीगोडीने घे म्हणालो की नाही? पाइप कसला लावतोस? आमच्या डेपोत कुणी असा पिस्टन दाबला असता तर त्याला दारात उभं केलं नसतं. शिकलेल्या माणसांचं हे असंच. हाताला कळत नाही, मग अंगाने रेटतात."

"बाबा, पुरे," ती म्हणाली. तिने डिकी उघडली, बॅग बाहेर काढली, वजनाने एका बाजूला कलली. तो पुढे झाला तशी तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "पहाटेची बस असते. रिक्षा मी सांगते. तू उठू नकोस."

पायऱ्या चढून ती आत गेली. चपला दारात काढल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. परत कधी येशील असं विचारायला हवं होतं. ते विचारायचा हक्क आज दुपारपर्यंत होता.

तो गाडीला टेकून खडीवर बसला. आता ती येईल, त्याला वाटलं — ती मळमळ, म्हाताऱ्याच्या त्या 'तरी मी म्हणत होतो' नंतर यायलाच हवी अशी, घसा भरून. लेकीला उतारावर लोटायला निघालेला, आणि जावयाने मान पुढे केल्याबरोबर त्या मानेवर पाय देऊन उभा राहिलेला माणूस. किळस यायला याहून चांगलं कारण जन्मात मिळणार नव्हतं. तो थांबला. ती येईना. पोट शांत होतं, एखाद्या रिकाम्या खोलीसारखं, आणि त्या शांततेचीच त्याला भीती वाटू लागली. कारण सकाळपासून, नव्हे या घरात आल्यापासून, ती किळस हीच एक गोष्ट त्याला त्या माणसापासून वेगळं ठेवत होती.

सासरा अजून तिथेच उभा होता. बोलणं संपलं होतं. मग तो हळूच वाकू लागला, गुडघे वाजले, हात आधार शोधत खाली आला आणि जावयाच्या खांद्यावर टेकला. त्या खांद्यावर भार देत देत तो शेजारी खडीवर बसला. हात त्याने काढला नाही. काही म्हणेल असं वाटलं. घशात खोल काहीतरी हललं, वर आलं, थांबलं, गिळलं गेलं.

"उद्या भाजी मी करीन," म्हातारा म्हणाला. "तुला कुठली चालते?"

जावयाने खांदा काढून घेतला नाही. त्याने स्वतःचे हात मांडीवर उलटे करून पाहिले. नखांत, रेघांत, मनगटापर्यंत ते काळं पसरलं होतं, आणि वास येत होता, दाट, ओळखीचा, दोघांच्या मधून कुठूनतरी. कुणाचा, ते त्याला ठरवता येईना.